सवाना सेंटर फॉर कंटेम्पररी आर्ट, तमाले: कलावंताच्या कमाईतून उभी राहिलेली संस्था

आफ्रिकेतील समकालीन कलावंतांना राहायला जागा, काम करायला वेळ आणि काम दाखवायला भिंत देणारी एखादी संस्था प्रत्यक्ष जाऊन पाहण्याची कोणाची इच्छा असेल, तर मी त्यांना लागोस, डकार किंवा केप टाउनच्या आधी घानाच्या उत्तर भागातील तमाले हे शहर सुचवीन. तेथे इब्राहिम महामा या कलावंताने मार्च 2019 मध्ये ‘सवाना सेंटर फॉर कंटेम्पररी आर्ट’ ही ना-नफा संस्था सुरू केली. प्रदर्शने, संशोधन, संग्रह आणि कलावंतांसाठी रेसिडेन्सी, म्हणजे काही काळ तेथे राहून काम करण्याची सोय, ही तिची घोषित कामे आहेत. सप्टेंबर 2020 मध्ये शहराबाहेर जाना क्पेन्ग येथे ‘रेड क्ले’ हे तिचे विस्तीर्ण आवार खुले झाले आणि 2021 मध्ये एका पडीक धान्यकोठाराची ‘न्क्रुमा वोलिनी’ ही वास्तू त्यात जोडली गेली. या तिन्ही जागा मिळून एकच संस्था आहे असे समजून त्या पाहाव्यात. त्यांपैकी एकच पाहून परतणाऱ्याला या कामाचा आवाका कळत नाही.

महामा यांचा जन्म 1987 साली तमालेतच झाला. कुमासी येथील क्वामे न्क्रुमा विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि अवघ्या काही वर्षांत, 2015 च्या व्हेनिस बिएनालेत, ओक्वी एन्वेझोर यांनी क्युरेट केलेल्या, म्हणजे निवड व मांडणी केलेल्या, मुख्य प्रदर्शनात, आर्सेनाले या जुन्या गोदीच्या बाहेरचा लांबच लांब बोळ तागाच्या जुन्या पोत्यांनी दोन्ही बाजूंनी झाकून टाकणारा कलावंत म्हणून जगाला त्यांची ओळख झाली. त्यानंतर 2017 चे ‘डॉक्युमेंटा’ हे मोठे आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शन, 2019 मध्ये व्हेनिसमधील घानाचे पहिलेवहिले राष्ट्रीय दालन, 2024 मध्ये लंडनचे बार्बिकन हे कलाकेंद्र अशी त्यांची वाटचाल झाली, आणि 2025 च्या अखेरीस ‘आर्टरिव्ह्यू’ नियतकालिकाच्या कलाविश्वातील शंभर प्रभावी नावांच्या यादीत ते अग्रस्थानी आले. या स्थानावर पोहोचलेले ते पहिलेच आफ्रिकी. कलावंताची एवढी माहिती येथे देण्याचे कारण इतकेच, की या परदेशी प्रदर्शनांतून आणि विक्रीतून आलेला पैसा तमालेला परत येतो आणि त्यातून विटा, छपरे, रूळ व डबे विकत घेतले जातात. ही संस्था मुख्यतः एका कलावंताच्या कमाईवर उभी राहिली आहे. तिचे सारे गुण आणि तिची मोठी जोखीम या एका गोष्टीत आहेत.

तमालेचे स्थानही समजून घ्यायला हवे. ब्रिटिशांनी गोल्ड कोस्ट (आजचा घाना) वसाहतीत 1898 पासून रेल्वे बांधायला घेतली ती सेकोंदी बंदरापासून तार्क्वाच्या सोन्याच्या खाणींकडे आणि पुढे कुमासीकडे. रेल्वे सोन्यासाठी, लाकडासाठी आणि पुढे कोकोसाठी होती. उत्तरेचा सवाना प्रदेश मात्र दक्षिणेतील खाणींना आणि मळ्यांना मजूर पुरवणारा मुलूख म्हणूनच पाहिला गेला, त्यामुळे तमालेपर्यंत रूळ कधी आलेच नाहीत. आजही अक्रापासून सुमारे सहाशे किलोमीटरचे हे अंतर विमानाने तासाभरात किंवा बसने अख्खा दिवस अथवा रात्र घालवून कापावे लागते. राजधानीतील कलादालने, दूतावासांची सांस्कृतिक केंद्रे आणि संग्राहकांची घरे दक्षिणेत असताना, उत्तरेच्या दागोंबा लोकांच्या, दाग्बानी बोलणाऱ्या, बहुसंख्येने मुस्लिम असलेल्या या शहरात समकालीन कलेची संस्था काढणे हा हिशेबाने घेतलेला निर्णय वाटत नाही. गेल्या काही वर्षांतील कामाकडे पाहता तोच निर्णय सर्वांत बरोबर ठरला, असे माझे मत आहे.

रेड क्लेच्या आवारात शिरल्यावर पहिल्यांदा नजरेत भरते ती तांबूस मातीची वीट. इमारती प्रशस्त, उंच आणि साध्या आहेत. भिंतींवर गिलावा नाही, त्यामुळे विटेचा रंग जमिनीच्या रंगात मिसळून गेलेला दिसतो. आणि मग रेल्वेचे डबे दिसतात. ज्या शहरात कधी गाडी आली नाही, त्या शहराच्या मोकळ्या माळावर जुने गंजलेले डबे रुळांवर उभे आहेत. सेकोंदी-ताकोरादीच्या बंद पडलेल्या रेल्वे कारखान्यांतून आणि यार्डांतून ते ट्रेलरवर चढवून देशाच्या दक्षिण टोकापासून उत्तरेपर्यंत आणण्यात आले. डब्यांचे पत्रे सोलून निघालेले आहेत, रंगाचे एकावर एक थर उघडे पडलेले आहेत आणि कुठे कुठे जुने क्रमांक अजून वाचता येतात. महामा यांनी ते रंगवून चकचकीत केलेले नाहीत. त्यांच्यावरची झीज जशीच्या तशी ठेवणे हाच त्यांच्या कामाचा गाभा आहे, आणि वर्गासोबत आलेले एखादे मूल जेव्हा आयुष्यात पहिल्यांदा रेल्वेच्या पायरीवर पाय ठेवते, तेव्हा रेल्वे कोणासाठी बांधली होती आणि आपल्या गावात ती का आली नाही, हा प्रश्न शिक्षकाने न विचारताच समोर येतो.

डब्यांच्या जोडीला विमाने आहेत. उड्डाणातून निवृत्त झालेली, भंगारात गेली असती अशी ही विमाने विकत घेऊन, रस्त्याने आणून, त्यांच्या आत मुलांसाठी वर्ग भरवण्याची व्यवस्था केली आहे. आवारात येणाऱ्या शाळकरी मुलांना चित्रकलेबरोबर ड्रोन, संगणकाची आज्ञावली लिहिणे, यंत्रे जोडणे अशा गोष्टीही शिकवल्या जातात. एखाद्या समकालीन कलासंस्थेचे मूल्यमापन करताना आपण बहुधा तेथे कोणते कलावंत येऊन गेले याची यादी पाहतो. येथे मला त्या यादीइतकेच महत्त्वाचे वाटले ते तिचे प्रेक्षक. प्रवेशाला पैसे नाहीत. मुले डब्यांत चढतात, विमानात बसतात, विटांच्या पायऱ्यांवर पळतात, आणि कोणी त्यांना कलाकृतीपासून दूर उभे राहायला सांगत नाही.

आवारातील ‘पार्लमेंट ऑफ घोस्ट्स’ ही रचना मात्र थोडा वेळ काढून, शक्य तर एकट्याने पाहावी. याच नावाचे प्रदर्शन महामा यांनी 2019 मध्ये मँचेस्टरच्या व्हिटवर्थ कलादालनात केले होते. घानाच्या रेल्वेतील दुसऱ्या वर्गाची टाकून दिलेली आसने तेथे संसदेच्या बाकांप्रमाणे समोरासमोर मांडली होती आणि सोबत रेल्वेच्या कचेऱ्यांतील जुनी कपाटे, कागदपत्रे व नकाशे ठेवले होते. तमालेत तीच कल्पना विटांत कायमची बांधली आहे: पायऱ्यापायऱ्यांची बैठक, मध्ये मोकळी जागा आणि समोरासमोर बसून बोलण्याची सोय. येथे व्याख्याने होतात, मुलांचे कार्यक्रम होतात, गावातले लोक येऊन बसतात. मँचेस्टरमधील आसने रिकामी होती आणि त्या रिकामेपणाला अर्थ होता; तमालेत त्या जागी माणसे बसतात. माझ्या मते कल्पनेचे हे दुसरे रूप पहिल्यापेक्षा सरस आहे, कारण जी यंत्रणा मोडून पडली तिचे अवशेष दाखवण्यापाशी न थांबता त्यांच्यावर काहीतरी चालवून दाखवण्याची जबाबदारी येथे घेतलेली आहे.

पोत्यांविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्या बाजूचा एक धागा त्यांच्यात अक्षरशः विणलेला आहे. घाना हा जगातील कोको पिकवणाऱ्या आघाडीच्या देशांपैकी एक आहे, आणि त्याचा कोको ज्या तागाच्या पोत्यांतून बंदराकडे जातो ती पोती दक्षिण आशियातून, भारत व बांगलादेशाच्या ताग पट्ट्यातून, आयात होतात. एका पोत्यात 64 किलो कोको भरला जातो. कोकोचे काम संपले की ते पोते बाजारात उतरते आणि मग त्यात मका, तांदूळ, शेवटी कोळसा भरला जातो. जवळ जाऊन पाहिले तर एकाच पोत्यावर ‘प्रोड्यूस ऑफ घाना’ हा छाप, त्याच्यावर नंतरच्या कोणा व्यापाऱ्याने रंगाने लिहिलेली अक्षरे, कोळशाची काजळी, फाटल्या जागी घातलेले जाड दोऱ्याचे टाके आणि तेलाचे डाग असे सगळे दिसते. महामा नवी पोती देऊन व्यापाऱ्यांकडून ही जुनी पोती घेतात आणि ती जोडून इमारतींएवढे कापड शिवले जाते. ते शिवण्याचे काम करणाऱ्यांत उत्तरेकडून दक्षिणेच्या शहरांत पोटासाठी गेलेल्या स्त्रिया मोठ्या संख्येने असत. बाजारात डोक्यावर ओझी वाहणाऱ्या या मुलींना आणि बायांना अक्रात ‘कायायेइ’ म्हणतात. महामा यांच्या छायाचित्रांच्या एका मालिकेत अशाच श्रमिकांचे नुसते हाताचे पुढचे भाग दिसतात. त्यांवर आपले नाव, नातेवाइकांची नावे, गावाचे नाव गोंदलेले असते. परक्या शहरात काही बरेवाईट झाले तर आपण कोण, कुठले हे कोणाला तरी कळावे म्हणून. आपल्याकडील आजीच्या हातावरचे गोंदण ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या छायाचित्रासमोर फार वेळ उभे राहवत नाही.

आता मुख्य सवाना सेंटरकडे वळतो. बाहेरून पाहता ही इमारत रेड क्लेसारखी थक्क करणारी नाही, पण कलासंस्था म्हणून तिने केलेले काम मला सर्वांत मोलाचे वाटते. स्वतःचे नाव जगभर गाजत असताना महामा यांनी उद्घाटनाचे प्रदर्शन स्वतःचे लावले नाही. पहिले प्रदर्शन होते गॅले विन्स्टन कोफी डॉसन या ज्येष्ठ चित्रकाराचे, पाच दशकांहून अधिक काळाच्या कामाचे सिंहावलोकन करणारे, आणि ते क्युरेट केले होते बर्नार्ड अकोई-जॅक्सन यांनी. रेड क्ले खुले झाले तेव्हाही तसेच घडले: आग्येमान ओसेई, ज्यांना ‘दोता’ म्हणून ओळखले जाते, त्यांच्या कामाचे सिंहावलोकनी प्रदर्शन ‘अकुतिया’ या नावाने तेथे आणि सवाना सेंटरमध्ये मिळून भरवण्यात आले. घानात आधुनिक कला घडवणाऱ्या पिढीतील अनेकांची चित्रे घराघरांत, विद्यापीठांच्या खोल्यांत, परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांकडे विखुरलेली आहेत. ती शोधणे, स्वच्छ करणे, क्रम लावणे, त्यांवर लेख लिहवून घेणे हे खर्चिक आणि कमी प्रसिद्धीचे काम आहे, आणि बाजाराला त्यात फारसा रस नसतो, कारण वृद्ध चित्रकाराच्या विखुरलेल्या कामातून लगेच विक्री होत नाही. तरुण कलावंतांना रेसिडेन्सी देणाऱ्या संस्था आफ्रिकेत आता बऱ्याच आहेत. तरुणांना त्यांच्या आधीच्या पिढीचे काम एकत्रित पाहायला देणाऱ्या संस्था फार थोड्या आहेत. हा फरक मला निर्णायक वाटतो.

रेसिडेन्सीचे स्वरूपही या पार्श्वभूमीवर पाहावे. शांत खोली, स्टुडिओची चावी आणि महिन्याअखेरीस एक छोटे प्रदर्शन, एवढ्यासाठी जगात जायला अनेक ठिकाणे आहेत. तमालेला जाणाऱ्या कलावंताला जे मिळते ते वेगळे आहे: प्रचंड मोकळी जागा, रेल्वे आणि कारखान्यांतून जमवलेल्या वस्तूंचा व कागदपत्रांचा साठा, आणि मोठ्या प्रमाणावर हाताने काम करू शकणारे, अशा कामाची सवय झालेले कारागीर. बार्बिकनसाठी 2024 मध्ये केलेले ‘पर्पल हिबिस्कस’ हे काम कसे घडले ते पाहिले की याची कल्पना येते. लंडनच्या त्या राखाडी काँक्रीटच्या वास्तूची तलावाकडील बाजू सुमारे 2000 चौरस मीटर गुलाबी-जांभळ्या कापडाने झाकली गेली. ते कापड तमालेत हातमागावर विणले गेले आणि जोडणीला एवढी जागा दुसरीकडे कुठे नसल्याने शहरातील स्टेडियमच्या मैदानावर पसरून शिवले गेले. त्यावर सुमारे शंभर ‘बाताकारी’, म्हणजे उत्तर घानातील विणकरांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे पारंपरिक झगे, टाचलेले होते. हे झगे कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले असतात. ते मिळवण्यासाठी घरोघरी जाऊन, वडीलधाऱ्यांशी बोलून, बदल्यात काय द्यायचे ते ठरवावे लागते. ज्या तरुण कलावंताला मोठ्या आकाराचे काम कसे उभे करतात, माणसांशी व्यवहार कसा ठेवतात, मजुरीचा हिशेब कसा करतात हे शिकायचे आहे, त्याला यापेक्षा चांगली शाळा मिळणे अवघड आहे. जो एकांतात बसून लहान चित्रे काढू इच्छितो, त्याने मात्र दुसरी जागा शोधावी असे मी स्पष्टपणे म्हणेन.

न्क्रुमा वोलिनी ही तिसरी जागा सर्वांना आवडेल असे नाही. स्वातंत्र्यानंतर देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे न्क्रुमा यांच्या सरकारने देशभर धान्य आणि कोको साठवण्यासाठी काँक्रीटची अजस्र कोठारे बांधायला घेतली, त्यांपैकी हे एक. फेब्रुवारी 1966 मध्ये लष्करी उठावाने न्क्रुमा सत्तेवरून गेले आणि अशी अनेक बांधकामे जिथल्या तिथे थांबली. अर्धशतकाहून अधिक काळ हे कोठार रिकामे पडून होते, म्हणजे माणसांच्या दृष्टीने रिकामे. आत वटवाघळांनी वस्ती केली होती. महामा यांनी ते विकत घेतल्यावर वटवाघळांना हुसकावून लावले नाही, आणि हा निर्णय मला फार आवडला. आत अंधार आहे, कुबट वास आहे, आवाज घुमतो. चित्रे टांगण्यासाठी ही जागा नाही, पण नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाने आपल्या अन्नाच्या बाबतीत काय योजले होते आणि त्याचे पुढे काय झाले हे त्या गोल भिंतींमध्ये उभे राहिल्यावर जितके कळते तितके फलक वाचून कळणार नाही.

या सगळ्याच्या मागे एक वैचारिक बैठक आहे, आणि तिचा उल्लेख केल्याशिवाय हे परीक्षण अपुरे राहील. कुमासीच्या विद्यापीठात कारिकाचा सेइदु या शिक्षकाने 2003 पासून कलाशिक्षणाची दिशा बदलायला घेतली. वसाहतकाळापासून चालत आलेल्या अभ्यासक्रमात ठरावीक साचा गिरवायला लावत. त्याऐवजी विद्यार्थ्याला कोणतेही माध्यम आणि कोणतीही जागा निवडण्याची मुभा देणे आणि कलेला विक्रीच्या वस्तूऐवजी भेट मानणे, हे त्यांच्या शिकवण्याचे सूत्र होते. त्यातून ‘ब्लॅक्सटारलाइन्स कुमासी’ हा गट तयार झाला. महामा त्याच परंपरेतले आहेत, आणि संस्थेतील बरेचसे क्युरेटरही त्याच वर्तुळातून आलेले आहेत. म्हणून विनामूल्य प्रवेश, ज्येष्ठांची प्रदर्शने, मुलांचे वर्ग या गोष्टी केवळ उदारपणातून आलेल्या नाहीत. वर्गात शिकवलेले एक तत्त्व कोणी तरी जन्माची कमाई ओतून अमलात आणते, हे मी तरी क्वचितच पाहिले आहे.

आफ्रिकेतील इतर ना-नफा संस्थांशी तुलना करायची तर प्रत्येकीचे बळ निराळे आहे. कॅमेरूनच्या दुआला शहरातील ‘दुआलार’ने 1991 पासून शहराच्या रस्त्यांवर आणि चौकांत कला आणली. लागोसमध्ये बिसी सिल्वा यांनी 2007 मध्ये स्थापन केलेल्या ‘सेंटर फॉर कंटेम्पररी आर्ट’चे ग्रंथालय आणि तिचा ‘आसिको’ हा फिरता अभ्यासवर्ग यांनी क्युरेटरांची एक पिढी तयार केली. डकारची ‘रॉ मटेरियल कंपनी’, जिच्या संस्थापक कोयो कुओ यांचे 2025 मध्ये अकाली निधन झाले, ती विचार आणि वादचर्चेसाठी नावाजलेली आहे. जोहान्सबर्गच्या फोर्ड्सबर्ग या भारतीय वस्तीच्या भागात 1991 साली सुरू झालेल्या ‘बॅग फॅक्टरी’शी तर आपले दूरचे नाते लागते: रॉबर्ट लोडर आणि डेव्हिड कोलोआने यांच्या प्रयत्नांतून ती ‘ट्रँगल’ या कलावंतांच्या ज्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून उभी राहिली, त्याच जाळ्यातून 1997 मध्ये दिल्लीची ‘खोज’ ही कलासंस्था निघाली. पोत्यांच्या जुन्या कारखान्यात थाटलेली असल्यामुळे ‘बॅग फॅक्टरी’चे नाव तसे पडले, आणि तमालेच्या संदर्भात हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे. कार्यक्रमांची शिस्त, अर्जाची ठरलेली पद्धत, माजी कलावंतांचे जाळे या बाबतींत अशा जुन्या संस्थांचा अनुभव मोठा आहे. सवाना सेंटर त्यांच्याहून वेगळे ठरते ते जमिनीच्या मालकीत. भाडे थकले किंवा अनुदान थांबले तर दुसऱ्या दिवशी जागा सोडावी लागेल, अशी भीती तिला नाही, आणि स्वतंत्र कलासंस्था चालवणाऱ्या कोणालाही विचारले तर ही भीती नसणे म्हणजे काय ते तो सांगेल.

आता काळजीच्या गोष्टी. संस्था एका माणसाच्या यशावर अवलंबून आहे, हे आधी म्हटलेच. कलाबाजारातील भाव चढतात तसे पडतात. महामा यांना बाजाराचा कडवट अनुभव लवकर आला होता: 2015 मध्ये परदेशी कलाव्यापाऱ्यांशी त्यांचा वाद अमेरिकेत न्यायालयात गेला. पोत्यांचे मोठे कापड कापून, चौकटींवर ताणून, सुटे तुकडे म्हणून विकण्यावरून तो उद्भवला होता आणि पुढे तडजोडीने मिटला. आपले काम कोणाच्या हाती जाते यावर आपला ताबा असावा, या जाणिवेतून स्वतःची संस्था काढण्याची निकड अधिक तीव्र झाली असावी असा माझा तर्क आहे. पण ताबा एका व्यक्तीकडे असणे आणि संस्थेकडे असणे यांत अंतर आहे. उद्या संस्थापकाचे लक्ष दुसरीकडे गेले किंवा विक्री मंदावली, तर डब्यांचे पत्रे, विमानांचे सांगाडे, विटांची छपरे यांची देखभाल कोण करणार? एवढ्या मोठ्या मालमत्तेला कायमस्वरूपी निधी आणि संस्थापकाविना निर्णय घेऊ शकणारे मंडळ लागते. या संस्थेच्या हितचिंतकांनी, आणि महामा यांच्या कलाकृती विकून नफा कमावणाऱ्या गॅलऱ्यांनीही, याचा विचार आताच करायला हवा.

दुसरी गोष्ट संस्थापकाच्या सावलीची. रेड क्लेचे आवार इतके महामा यांच्या हातचे आहे, की तेथे दुसऱ्या कलावंताच्या कामाकडे नजर पोहोचायला वेळ लागतो. रेल्वेच्या डब्यांशेजारी लावलेले एखादे नाजूक रेखाचित्र सहज हरवून जाते. बंद छताची, शांत दालने त्या दृष्टीने उपयोगी पडतात. तरी येथे प्रदर्शन करणाऱ्या कलावंताने या आवाराच्या जोराशी सामना करण्याची तयारी ठेवूनच जावे.

भारतात ज्यांना या कामाची चुणूक मिळाली ते 2025-26 च्या कोची-मुझिरिस बिएनालेत. गोव्यातील ‘एचएच आर्ट स्पेसेस’सह निखिल चोप्रा यांनी क्युरेट केलेल्या त्या आवृत्तीत महामा यांनी ‘पार्लमेंट ऑफ घोस्ट्स’ पुन्हा उभे केले, आणि मसाल्यांच्या व्यापारावर वाढलेल्या त्या बंदरात पोती व जुन्या खुर्च्या घेऊन मांडलेली ती सभा आपल्या प्रेक्षकांना परकी वाटली नाही. ज्यांनी ती पाहिली त्यांनी तमालेची कायमची रचना पाहावी असे मला आवर्जून वाटते, कारण कोचीतील मांडणी बिएनालेबरोबर उठली, तमालेतील मात्र रोज वापरात आहे.

जाणाऱ्यांसाठी काही व्यवहार्य सूचना. मुंबईहून अक्राला आदिस अबाबा किंवा दुबईमार्गे जाता येते. व्हिसा आधी काढावा लागतो आणि पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला सक्तीचा आहे, जो परत येताना भारतातही मागतात. अक्राहून तमालेला विमानाने जावे. बसचा प्रवास स्वस्त आणि देश समजण्याच्या दृष्टीने चांगला आहे, पण फार लांबचा. उत्तर घानात साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस असतो आणि डिसेंबरपासून हर्मटानचे कोरडे, धुळीचे वारे सुटतात, ज्यात डोळे आणि घसा दोन्ही त्रास देतात. पावसानंतरचे नोव्हेंबरचे दिवस सर्वांत सुखाचे. निघण्यापूर्वी संस्थेला पत्र लिहून त्या वेळी कोणते प्रदर्शन चालू आहे, न्क्रुमा वोलिनी पाहता येईल का आणि सोबत कोणी दाखवायला येईल का हे विचारून घ्यावे. शहरात दोन पूर्ण दिवस तरी ठेवावेत: सवाना सेंटर आणि कोठार एका दिवसात होते, रेड क्लेला मात्र एक अख्खा दिवस द्यावा, सकाळी लवकर पोहोचून, टोपी आणि पाणी बरोबर घेऊन, आणि शक्य असेल तर शाळा भरलेल्या दिवशी. रेसिडेन्सीसाठी अर्ज करू इच्छिणाऱ्या महाराष्ट्रातील किंवा गोव्यातील कलावंताने आधी प्रेक्षक म्हणून एक फेरी मारावी, कारागिरांशी बोलावे, आणि मग आपल्या कामाला त्या जागेची खरोखर गरज आहे असे वाटले तरच प्रस्ताव लिहावा.